नोंदवहीत साठ, मंडपात पाच

‘नोंदवहीत साठ नावं आहेत, सर. सभेला आठ येतात आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला मी नि खजिनदार. लोकांना मंडळाचं काही पडलेलंच नाही. राजीनामा देऊ का?’ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाचे सचिव मला विचारत होते. झोप उडाली होती, घरात चिडचिड वाढली होती. भजनी मंडळ असो की महिला मंडळ, हे गाऱ्हाणं गावोगाव ऐकू येतं.

राजीनाम्याचा विषय तीन महिने बाजूला ठेवायचं ठरलं. गेल्या वार्षिक कार्यक्रमातलं प्रत्येक काम, ते कोणी केलं आणि त्याला कोणी, कसं सांगितलं होतं, हे त्यांनी लिहून आणलं. चौतीस कामं निघाली, त्यातल्या एकवीसांपुढे त्यांचंच नाव. बाकीच्यांना निरोप गेला होता तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर: ‘उद्या सकाळी सर्वांनी मदतीला यावे.’ तो साठ जणांनी वाचला आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी जाईल.

त्याच कागदावर एक खोडलेली ओळ होती. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर एका तरुण सभासद मुलीने लिहिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या म्हणून सचिवांनी रात्रीत तो सगळा नव्याने लिहून परस्पर छापखान्यात दिला. नंतर ती फिरकली नाही. ‘नोकरी लागली असेल’ अशी त्यांची समजूत. माणसं बहुतेक वेळा अशीच तुटतात: भांडण होत नाही, फक्त आपल्या हातचं काम इथे कुणाला नको आहे, एवढं त्यांना कळतं. चुका सुधारायलाच हव्यात, पण मजकूर चार दिवस आधी मागवून, चुका दाखवून, तिच्याच हातून.

मग कामांचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा एका संध्याकाळीत उरकेल एवढा. ‘साउंडचं बघा’ असं मोघम सांगायचं नाही. ‘दोघांकडून दर घ्या, आठ हजारांच्या आत जो बरा वाटेल तो ठरवा, शुक्रवारी खजिनदारांना कळवा, मला परत विचारायची गरज नाही’ असं सांगायचं. तेही एकेकट्याला, भेटून किंवा फोनवर, आणि ‘नाही’ म्हणायची मुभा ठेवून. कुंडईच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला आधी पाळी विचारायची. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात सभा ठेवायचीच नाही. तेव्हा माणसं मूळ घरी असतात, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या) सामानामागे असतात. सभा तासाभराची, विषय तीन, हिशेब आदल्या दिवशीच पाठवलेला.

कागदपत्रांची जबाबदारी मात्र सचिवांकडेच राहिली. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे. नियमांप्रमाणे वार्षिक सभा झाली की कार्यकारिणीची यादी १४ दिवसांच्या आत निबंधकांकडे द्यावी लागते, ती कुणाच्या सवडीवर सोडता येत नाही. फक्त फाइल कुठे आहे हे सहसचिवांनाही दाखवून ठेवलं.

पहिल्या महिन्यात बारा जणांना विचारलं, सात जणांनी काम घेतलं, पाच जणांचं पुरं झालं. सहाव्याचं अडलंय हे कळताच सचिव रात्री अकराला स्वतः बॅनर बांधायला गेले. जुनी सवय. त्यावर उपाय ठरला: शेवटच्या दिवशी ‘झालं का?’ असं विचारण्याऐवजी मुदतीच्या मध्यावर फोन करून ‘कुठे अडलंय?’ म्हणून विचारायचं. मदत लागली तर आणखी एक माणूस जोडून द्यायचा, काम परत आपल्याकडे घ्यायचं नाही. बॅनर थोडा वाकडा लागला तरी चालेल, हे पटायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी त्या मुलीला फोन केला. ‘तुझा मजकूर मी न विचारता बदलला, ते चुकलं माझं.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘काका, पत्रिका नको मला. नेपथ्याचं बघते. पण खर्चाला किती मिळतील ते आधी सांगा.’