लोणारचा रंग टिपताना

तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर प्रथमच पाहणार आहात, म्हणून आधी एक सांगतो: गुलाबी पाण्याची अपेक्षा मनात धरून येऊ नका. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, ते उन्हाळ्यात पातळी घटून क्षारता वाढल्यामुळे आणि तिथे फोफावलेल्या, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. पावसानंतर तो रंग ओसरला. एरवी शेवाळामुळे पाणी हिरवे दिसते, आणि मला तरी तोच रंग अधिक भावतो.

उल्काघाताने बेसाल्ट खडकात बनलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे भल्या पहाटे पूर्वेकडील कड्याची सावली खोलवर पडते. ऊन पाण्यापर्यंत उतरेपर्यंत थांबावे. कॅमेऱ्याच्या भिंगावर पोलरायझर फिल्टर लावल्यास पृष्ठभागावरची चकाकी कमी होते, मात्र व्हाइट बॅलन्स (फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग) ‘ऑटो’वर ठेवू नका, कारण कॅमेरा हिरवा रंग परस्पर ‘सुधारतो’. कमळजा देवीच्या मंदिराकडे खाली उतरणार असाल, तर पाणी सोबत घ्या. सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की ते पिण्याजोगे नाही. काठचा चिखल वरून कोरडा भासतो, पण पाय आत जातो. हा परिसर अभयारण्य असल्याने ड्रोनसाठी वन विभागाची परवानगी आधीच घ्यावी.