विकत तो आणतो, वापरतेस तू

प्रिय 'वैतागलेली',

वर्षातून एकदा निघणाऱ्या मोठ्या साफसफाईसाठी तू मुद्दाम रजा काढलीस आणि अवजारांनीच दगा दिला. व्हॅक्यूम क्लीनर नुसता घोंघावतो, धूळ जागची हलत नाही. जळमटं काढायचा दांडा वर धरला की आपोआप आखडतो. मॉप फरशीवर पट्टे सोडतो. शेवटी तू मॉप भिरकावलास, नवरा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि तेव्हापासून अबोला. एवढ्याशा मॉपवरून रडू येतं म्हणजे माझंच डोकं फिरलंय का, असं तू विचारतेस.

अगं, अंगण खरंच वाकडं आहे! आणि ते कुणी आणून ठेवलंय तेही तुझ्या पत्रात ओझरतं आलंय: ही सगळी खरेदी नवऱ्याने जाहिराती बघून केली. हौसेने केली, मान्य. पण दिवसभर जिच्या हातात तो मॉप राहणार तिला कुणी विचारलं का? दांडा साधारण हनुवटीपर्यंत यायला हवा. तो तोकडा असेल तर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो आणि माणूस रडकुंडीला येतो. तुझं रडू मला त्या टोमण्याचं वाटतं. मॉप बिचारा निमित्त.

तरी सगळंच भंगारात काढू नकोस. व्हॅक्यूमचा प्लग काढ आणि खालचा ब्रश उलटा करून बघ. लांब केस आणि दोरे रुळाला इतके घट्ट गुंडाळलेले असतील की कात्रीच लागेल. मग धुळीचा डबा रिकामा कर, फिल्टर झटक. फिल्टर धुण्याजोगा असेल (माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, ती कुणी वाचत नाही, तू वाच) तर धुऊन किमान 24 तास वाळू दे. ओलसर बसवलास तर मोटर बिघडू शकते. बहुतेक वेळा ओढ कमी होण्याचं कारण एवढंच असतं.

पट्टे बहुधा जास्त ओतलेल्या साबणाचे आणि न बदललेल्या पाण्याचे. झाकणभर सांगितलंय तर झाकणभरच घाल आणि पाणी गढूळ दिसलं की ओतून दे. मायक्रोफायबरची फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. सुती टॉवेलांबरोबरही ती धुऊ नकोस, त्यांची लव चिकटते.

एका वाक्यावर मात्र मी थबकले. "वैतागून दोन-तीन लिक्विडं एकत्र करून पाहिली," असं तू सहज लिहून गेलीस. हे पुन्हा कधीही करू नकोस. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगरसारखं आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावालं क्लीनर मिसळलं तरी विषारी वायूच तयार होतो. दार बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. वैताग कितीही येवो, एका वेळी एकच बाटली.

आता नवऱ्याचं. त्या म्हणीला उत्तर देत बसू नकोस, वाद वाढेल. त्याच मॉपने एक अख्खी खोली त्याला पुसू दे, आणि तू दारात उभी राहून सूचना करू नकोस. (हे तुला जड जाईल, पत्रावरून दिसतंय.) खोली झाली की अवजारांबद्दलचं त्याचं मत विचार. मग तुला लागलं काय ते सांग: मॉपचं काही नाही, तुझं बोलणं लागलं. इतक्याच शब्दांत.

आणि त्या आखडणाऱ्या दांड्याच्या दुरुस्तीला लागू नकोस. आतली प्लॅस्टिकची पकड झिजली की तो घसरतच राहतो. नवा आणायला तूच जा. दुकानातच पूर्ण लांब कर, डोक्यावर धर, टोक भिंतीला दाबून बघ. लोक बघतील, बघू देत. नवऱ्याला यायचं असेल तर येऊ दे, पिशवी धरायला.

तुझी,
मावशी