रत्नागिरी दोघांना पायी बघता येईल का?

गाडी न घेता, घाई न करता दोन दिवसांत नवरा-बायकोला रत्नागिरी बघता येईल का, असं विचारलंय. येईल की! स्टेशन तेवढं गावाबाहेर आहे, तिथून रिक्षा करा.

सकाळी टिळक आळी. टिळकांचा जन्म १८५६ साली इथल्याच कौलारू घरात झाला. मग पतितपावन मंदिर, १९३१ सालचं. सावरकरांचा पुढाकार, पैसा भागोजीशेठ कीरांचा.

पण खरा वेळ राखून ठेवा तो थिबा राजवाड्यासाठी. १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाला इथे नजरकैदेत ठेवलं होतं. वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे या वाड्यात उणीपुरी सहा वर्षं! आम्ही दोघं तिथे बराच वेळ नुसते उभे होतो. समोर खाडी, समुद्र, आणि परत जायची सोय नाही. बायको म्हणाली, "एवढा देखावा दाखवायचा म्हणजे छळच की हो."

संध्याकाळी मांडवीचा समुद्रकिनारा. तिथली वाळू काळसर, पायाला चिकटून खोलीपर्यंत येते. रत्नदुर्ग किल्ल्यावर मात्र चालत जाण्याचा हट्ट नको. चढ आहे आणि दमट हवेत जीव जातो. आम्ही केला होता, अर्ध्यातून रिक्षा पकडली. मे महिना तर टाळाच, आंब्याचा मोह असला तरी.