छंद-शंका : डिझेलचा आवाज खोटा का वाटतो?

प्रश्न : चवथीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीसमोर रूळ मांडून छोटी आगगाडी फिरवायची, असा आमच्याकडे आता रिवाजच पडलाय. यंदा भाच्याने दुबईहून आवाजाचं डिझेल इंजिन आणलं, एचओ मापाचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं), रुळांतूनच डिजिटल हुकूम पाठवणाऱ्या डीसीसी कंट्रोलरसकट. पण नॉब फिरवला की ते घुरघुरत पळतच सुटतं, आणि हॉर्न एकदा लागला की थांबत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर : हॉर्नचं आधी उरकतो. कंट्रोलरचे हुकूम पाळणारा इंजिनातला सर्किटचा तुकडा म्हणजे डिकोडर. बहुतेक डिकोडरांत एफ-२ हे फंक्शन-बटण म्हणजे हॉर्न. तुमच्याकडे ते बटण दिव्याच्या बटणासारखं ठेवलेलं दिसतंय, एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘दाबून धरलं तेवढाच वेळ’ असं करून घ्या. मग ‘सी/फा’च्या (सीटी/फाटक) पाटीपासून फाटक ओलांडेपर्यंत हवा तेवढा लांबवा. एफ-१ला मात्र हात लावू नका. तिथे बहुधा अमेरिकन इंजिनाची घंटा असते. आपल्या फाटकावर घंटा वाजवत आलेलं डिझेल पाहिलंय कुणी?

आता पळत सुटण्याचं. नोकरीची बारा वर्षं मी घाटाच्या पायथ्याशी कुळ्यात काढली, खोली स्टेशनाला लागून. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत ३७ला १ चा चढ, म्हणून मालगाडीला तिथे बँकर, म्हणजे मागून रेटणारी जादा इंजिनं, लागायचे. रात्री पडल्या पडल्या ऐकू यायचं : इंजिनं आधी चढ्या सुरात जायची, गाडी जागची हलत नसे. मग कपलिंगा ताणल्याचा खडखडाट या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि तेव्हा कुठे चाकं फिरायची. उतरणीची गाडी यायची तेव्हा इंजिनाची धाप नाही, नुसती ब्रेकची करकर. वेग कितीही असो, इंजिन ओरडतं ते ओझ्यामुळे.

म्हणून सीव्ही, म्हणजे डिकोडरातल्या आकड्यांच्या सेटिंगा, त्यातल्या ३ आणि ४ तपासा. पहिला वेग घेण्याचा, दुसरा थांबण्याचा. आकडा शून्याजवळ असेल तर इंजिन उडीच मारणार. मी माझ्यात ४० आणि २५ भरलेत. नॉब उघडला की आवाज आधी चढतो, इंजिन सावकाश मागून निघतं. चालत्या गाडीत नॉब जरा मागे घ्या, आवाज बसतो आणि गाडी घरंगळत राहते. घाट उतरवायचा तो असा. भलतंच काही भरलं गेलं तर बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८मध्ये ८ भरलं की सगळं मूळपदावर येतं. कंट्रोलर इंजिनाला ज्या नंबराने हाक मारतो तोही पुन्हा ३ होतो, तेव्हा ‘इंजिन मेलं’ म्हणून घाबरू नका.

आणि मध्येच आवाज तुटून इंजिन पुन्हा स्टार्ट झाल्यासारखं वाटलं तर रुळांवर बोट फिरवून बघा. धुपाची काजळी, पावसाळी दमट हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं दोन्ही पुसा, पण समया लावायच्या आधी.