ज्वारी घेताना घाई नको

सोलापुरात नवीन आहेस ना, मग किराणा भरताना ज्वारी नीट पारखून घे. नुसतं 'ज्वारी द्या' म्हणू नकोस, 'मालदांडी आहे का?' असं विचार. रब्बीचं हे वाण भाकरीला झकास. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घे: टपोरे, मोत्यासारखे चमकदार हवेत. हाताला पीठ लागलं किंवा दाण्याला बारीक भोक दिसलं, तर कीड लागलीय. निमूट पुढचं दुकान गाठ. पहिल्यांदा दोन किलोच घे, दळून भाकरी थापून बघ. शेंगा चटणी मात्र सुटी घे, वास घेऊन. खवट दाणा लपत नाही. आणि उधारीचं लगेच काढू नकोस, आधी ओळख होऊ दे.