होल्लोक्यो : घरं बघा, पण शेतं सोडू नका

प्रश्न : मुलगी बुडापेस्टला शिकते. जूनमध्ये तिच्याकडे जाऊ तेव्हा होल्लोक्यो हे हंगेरीतलं जागतिक वारसा असलेलं गाव बघायचं आहे. पण तिथली घरं 1909 नंतर बांधलेली आहेत असं कळलं. मग त्यात जुनं ते काय? आणि दोन तास पुरतील का? (ठाणे)

उत्तर : घरं 1909 नंतरची आहेत, हे खरं. पूर्वी छपरं गवताची असायची आणि घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे एक पेटलं की ओळच्या ओळ जायची. 1909 ची आग ही अशा आगींतली शेवटची मोठी. त्यानंतर लोकांनी त्याच जागांवर, त्याच आराखड्यानं पुन्हा घरं उभी केली, फक्त छपरावर कौलं आली. इथे जुनी आहे ती बांधायची आणि राहायची रीत. म्हणून जायचंच, पण काय बघायचं ते ठरवून.

कोशुत आणि पेतोफी हे जुन्या गावातले मुख्य रस्ते. ते जिथे फुटतात, त्या बेचक्यात 1889 चं लाकडी मनोऱ्याचं छोटं चर्च आहे. तिथे थांबून कुठलंही एक घर निरखा. रस्त्याकडे घराची अरुंद बाजू येते आणि लांबी मागे अंगणात जाते. खाली दगडी जोतं, वर माती आणि पेंढ्याच्या भिंती, त्यांना चुन्याची सफेदी. बाजूनं लाकडी ओसरी, तिच्या कठड्याच्या फळ्यांवर कातरलेली नक्षी. उतारावरच्या घरांना रस्त्याच्या बाजूनं तळघराचं दार असतं. आत शिरलात की आधी स्वयंपाकघर, पुढे रस्त्याकडची खोली, मागे कोठार. कुटुंब वाढलं की घर लांबीनं वाढवायचे. उत्तर हंगेरीतल्या पालोत्स लोकांची ही एकत्र कुटुंबं होती, आणि मुलाचं लग्न झालं की मागे एक खोली जोडली जाई. संग्रहालय केलेल्या घरात ही मांडणी नीट दिसते.

आता दोन तासांचं. युनेस्कोनं 1987 मध्ये जे नोंदवलं, त्याचं नावच ‘होल्लोक्योचं जुनं गाव आणि त्याचा परिसर’ असं आहे. क्षेत्र सुमारे 145 हेक्टर. म्हणजे गावाभोवतीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शेतजमिनी, द्राक्षमळे, कुरणं, जंगल आणि किल्ला, सगळं त्यात येतं. बहुतेक पर्यटक चर्चपाशी फोटो काढतात, कापडी बाहुली घेतात आणि परततात. त्यांचं बघायचं निम्म्याहून जास्त राहून जातं. जमिनीचे ते अरुंद पट्टे गावातून दिसत नाहीत, किल्ल्यावरून दिसतात. तेव्हा पाच-सहा तास ठेवा, जमलं तर एक मुक्काम करा. दिवसाच्या गाड्या गेल्या की गाव शांत होतं.

प्रश्न : बसनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं का? (नागपूर)

उत्तर : येतं, पण परतीची बस आधी ठरवा. गावाला रेल्वे नाही. बुडापेस्टहून बस पुश्काश फेरेन्त्स स्टेडियमच्या स्थानकातून सुटते, मेट्रोची दुसरी मार्गिका तिथे जाते. अंतर शंभरेक किलोमीटर, दोन तास धरा. थेट बस मोजक्याच, एरवी सेचेन या छोट्या शहरात बदलावी लागते.

घोटाळा होतो तो वेळापत्रकातल्या टिपांमुळे. ‘मुन्कॉनॉप’ म्हणजे कामाचा दिवस, ‘सॉबॉदनॉप’ म्हणजे शनिवारची सुट्टी, ‘मुन्कॉस्युनेति नॉप’ म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. टीप ‘इश्कोलॉई’ या शब्दानं सुरू होत असेल, तर ती बस फक्त शाळा चालू असलेल्या दिवशी धावते. जूनच्या मध्यावर तिथे शाळांना सुट्टी लागते आणि ती बस बंद होते. जाताना मिळाली म्हणून येताना मिळेलच असं नाही. सेचेनमध्ये बदलण्याची वेळ आलीच, तर दोन बसमधला वेळ वाया घालवू नका. फोर्गाच वाडा बघा. 1705 मध्ये सेचेनलाच भरलेल्या सभेत फेरेन्त्स राकोत्सीला हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्धच्या लढ्याचा नेता म्हणून निवडलं गेलं.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा, आणि एम 3 मोटारवेचा ई-टोल गाडीच्या नंबरावर भरला आहे का, हे कंपनीला विचारून घ्या. टोलनाका नसतो, कॅमेरे नंबर टिपतात, आणि दंडाची चिठ्ठी नंतर येते.

प्रश्न : किल्ल्याचा आणि कावळ्यांचा काय संबंध? (सातारा)

उत्तर : ‘होल्लो’ म्हणजे डोमकावळा, ‘क्यो’ म्हणजे दगड. दंतकथा अशी : काचिच घराण्यातल्या आंद्राशनं शेजारच्या सरदाराची बायको पळवून आणली. तिची दाई चेटकीण होती. तिच्या सांगण्यावरून सैतानाची पोरं डोमकावळे झाली आणि त्यांनी आंद्राश बांधत असलेल्या किल्ल्याचे दगड उचलून दुसऱ्या कड्यावर नेले, तोच हा किल्ला.

इतिहास असा, की 1241-42 च्या मंगोल स्वारीत मातीची तटबंदी टिकली नाही, म्हणून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीत जागोजागी दगडी किल्ले उभे राहिले. हा त्यातलाच. 1552 मध्ये तो तुर्कांकडे गेला, मग हात बदलत राहिला आणि 1683 मध्ये कायमचा सुटला. पंचकोनी बुरूज नक्की बघा. गावातून चढ वीसेक मिनिटांचा. आपल्याकडचे गड चढणाऱ्यांना तो जाणवणारही नाही. गावातले दगडी रस्ते मात्र पावसात निसरडे होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

जूनमध्ये गवतातून चालताना गोचिडींची काळजी घ्या. त्यांच्यातून लाइम आजार आणि मेंदूज्वर पसरतो. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, तिला डिवचलं की तिची लाळ जखमेत जाण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : जवळच्या इपोयतॉर्नोत्सला प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत म्हणतात. ज्वालामुखीत ते टिकले कसे? (औरंगाबाद)

उत्तर : आपल्या डोळ्यांसमोर दख्खनचा वाहता लाव्हा असतो, म्हणून हे कोडं पडतं. इथे राख आली. सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी पाण्याकाठच्या ओल्या वाळूत गेंडे, हरणं, शिकारी प्राणी आणि पक्षी चालून गेले. वर राखेचा जाड थर बसला, ठसे झाकले गेले आणि वाळूचा दगड झाला. त्याखालच्या आणखी जुन्या थरात शार्कचे दात सापडतात, कारण त्याआधी तिथे समुद्र होता. ठसे वाटाड्याबरोबरच बघता येतात, तेव्हा फेरीची वेळ आधी विचारा. गाडीनं होल्लोक्योहून तासाभराच्या आत पोहोचता. बसनं दोन्ही एकाच दिवशी करायच्या फंदात पडू नका.

गाडी असेल तर शोमोश्क्योही जोडा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसाल्टचे खांब तिथे आहेत, मात्र वाकून खाली ओघळल्यासारखे. गाव हंगेरीत आणि किल्ला स्लोवाकियात, म्हणून पासपोर्ट जवळ हवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. गावात काय मिळेल? (पुणे)

उत्तर : ‘पालोत्स सूप’ नको, त्यात मांस असतं. ‘स्त्रापाच्का’ मागा : किसलेला बटाटा पिठात मळून केलेल्या छोट्या गोळ्या आणि मेंढीच्या दुधाचं चीज. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, म्हणून मागतानाच ‘सॉलोन्नॉ नेल्क्युल’, म्हणजे चरबीशिवाय, असं सांगा. परतायला डुकराची चरबी वापरतात का, तेही विचारा. तिला ‘झीर’ म्हणतात. पैसे फोरिंटमध्ये ठेवा, थोडी रोख असू द्या.