भिंतीत अडकणारी आणि चोराला थांबवणारी गोळी

तुम्ही विचारलंत: न्यू जर्सीत टाउनहाऊस, दोन्ही बाजूंना शेजारी, पलीकडच्या खोलीत आठ वर्षांची मुलगी, नुकतंच घेतलेलं ९ मिमी पिस्तूल, तर माणसाला थांबवेल पण भिंतीतून आरपार जाणार नाही अशी गोळी कोणती? अशी गोळी नाही. दुकानदाराने चकचकीत डबा पुढे केला तरी नाही.

घरातली आतली भिंत म्हणजे ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या, अर्ध्या इंचाच्या दोन फळ्या आणि मधे पोकळी. माणसाच्या शरीरात पुरेशी खोल जाणारी कुठलीही गोळी ते पार करणारच. 'पुरेशी खोल' हे कुठून आलं? ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एक ९ मिमी गोळी त्यातल्या एकाच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. त्या चकमकीत दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. पुढे एफबीआयने कसोटी ठरवली: मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८. बारा इंच ऐकायला फार वाटतात, पण समोरचा बाजू वळवून उभा असेल किंवा हात मधे आला, की तेवढे लागतात.

साधी गोल टोकाची एफएमजे (फुल मेटल जॅकेट, धातूच्या वेष्टनाची) गोळी त्याच जेलमध्ये दोन फूटही ओलांडते. ती रेंजवर सरावाला ठीक, स्वस्तही पडते, घरासाठी नको. हॉलो पॉइंटचं टोक पोकळ असतं, ते शरीरात उमलतं, गोळी रुंद होते आणि लवकर थांबते. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८ मध्ये हॉलो पॉइंटकडे वळायचं ठरवलं, तेव्हा आरपार गेलेल्या गोळ्यांनी भलत्यालाच लागू नये हे एक मोठं कारण होतं.   

पण हे सगळं गोळी लागली तर. चुकली तर हॉलो पॉइंटही भिंतीत शिरते, तिच्या टोकाच्या पोकळीत जिप्समचा भुगा भरतो आणि पुढे ती बरीचशी एफएमजेसारखीच वागते. इथे टेक्ससमध्ये एका मित्राच्या शेतावर आम्ही लाकडी चौकटींवर ड्रायवॉल ठोकून चार भिंती उभ्या केल्या होत्या. माझा अंदाज होता की हॉलो पॉइंट तिसरीत अडकेल. चारही पार करून ती मागच्या मातीत गेली. उकरून काढली, तर टोकात पांढरा भुगा गच्च, आणि आकार डब्यातून काढल्यासारखा.

म्हणून आधी घरात फिरून बघा. बेडरूमच्या दारातून जिन्याकडे नेम धरला तर त्या रेषेत पुढे काय येतं? मुलीची खोली येत असेल तर उभं राहायची जागा बदला. शेजाऱ्याच्या बाजूची सामाईक भिंत जाड असेल, पण ती गोळी अडवेल असं धरून चालू नका.

शॉटगन आणि बर्डशॉट (पक्ष्यांच्या शिकारीची छर्ऱ्यांची काडतुसं) घ्या म्हणणारे भेटतील. ते बारीक छर्रे शरीरात जेमतेम पाच-सहा इंच जातात, थांबवण्याचा भरवसा नाही. मी तो सल्ला देणार नाही.

फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट या हॉलो पॉइंट, १२४ किंवा १४७ ग्रेन (गोळीचं वजन), यातली तुमच्या पिस्तुलात न अडकणारी घ्या. शंभरेक झाडून बघा. महाग पडतं, पण टाळू नका. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) घालू-काढू नका, त्यातली गोळी कवचात मागे ढकलली जाते आणि दाब धोकादायक वाढतो. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरी ठेवता येते. बाहेर अंगावर बाळगायचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते आधी वाचा. आणि घरात मूल आहे, तेव्हा पिस्तूल कुलपातच.

बॅरल (नळी) किती इंची आहे ते लिहा. तीन इंची असेल तर वेग कमी पडून काही गोळ्या उमलतच नाहीत, मग आखूड बॅरलसाठी बनवलेल्या बघाव्या लागतील.